शरदात सहकुटुंब भंडारदऱ्याला जाताय? या चुका टाळा

पाऊस ओसरला की सह्याद्रीवरचं ऊन वेगळंच पडतं. चार महिन्यांच्या सरींनी हवेतली धूळ खाली बसलेली असते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सरकत जातो आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात डोंगराची एकेक घडी उठून दिसते. तरीही भंडारदऱ्याहून परतलेले बरेच लोक म्हणतात, ‘फोटोत बघितलं होतं तसं काही दिसलं नाही.’ जागा तीच असते, चुकलेली असते ती तारीख किंवा वेळ.

दिवाळीच्या सुट्टीत फुलं शोधणं

ही सगळ्यात मोठी चूक. सोनकीने पिवळे झालेले उतार, तेरड्याचा गुलाबी रंग, ओढ्यांचं भरलेलं पाणी हे सगळं सप्टेंबरचं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यातलं थोडंफार टिकतं. दिवाळीत मुलांना सुट्टी असते म्हणून तेव्हा जायचं असेल तर जरूर जा, पण फुलांची आशा धरू नका. तेव्हा गवत सोनेरी झालेलं असतं, भात पिकून कापणीला आलेलं असतं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तर काही ठिकाणी कापूनही झालेलं असतं आणि खळ्यावर झोडणी चालू असते. तिरक्या उन्हात हे गवत फुलांइतकंच सुंदर दिसतं, असं माझं ठाम मत आहे. मुलांना घरूनच सांगून ठेवा की आपण गवत आणि ऊन बघायला चाललोय, म्हणजे तिथे पोहोचून हिरमोड होत नाही.

अंब्रेला फॉल या धबधब्याचंही तसंच. तो वाहतो धरणातून पाणी सोडलं की. तो दिसेलच असं कुणाला कबूल करू नका.

सकाळी घरून निघून दुपारी पोहोचणं

मुंबई किंवा पुण्याहून सकाळी सात-आठला निघालं की घोटी किंवा राजूर मागे टाकून तलावाशी येईपर्यंत ऊन डोक्यावर येतं. ऑक्टोबरच्या दुपारी ओल्या जमिनीतून वाफ निघते, लांबचे डोंगर धुरकट दिसतात, कडे सपाट भिंतीसारखे वाटतात. सह्याद्रीचे कडे म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. बाजूने ऊन पडलं तरच प्रत्येक थराखाली सावलीची रेघ उमटते आणि डोंगराच्या पायऱ्या दिसतात. दुपारी ती रेघ गायब होते.

म्हणून एक मुक्काम हवाच. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. उगवल्यापासून दोन तास आणि मावळण्याआधीचा दीड तास एवढाच खरा वेळ. मधल्या वेळेत जेवण, झोप, पत्ते, आजी-आजोबांची विश्रांती असू द्या.

कोणती जागा कधी, हे न पाहणं

रतनवाडी रतनगडाच्या पूर्व पायथ्याला आहे. सकाळचं ऊन थेट गडावर आणि शेजारच्या ‘खुट्टा’ नावाच्या सुळक्यावर पडतं, आणि अमृतेश्वराच्या देवळाचं कोरीव काम उजळतं. संध्याकाळी तिथे गेलात तर सूर्य लवकरच गडामागे जातो आणि गावावर सावली पसरते. घाटघरचा कोकणकडा याच्या उलट. तो पश्चिमेला उघडा आहे, त्यामुळे तिथे संध्याकाळी जायचं. कड्याच्या काठापासून लांब थांबा, मुलांचा हात सोडू नका, आणि अंधार पडायच्या आत गाडीत बसा. दोन्ही जागा एकाच दुपारी उरकण्याचा मोह टाळा.

नवरात्रात कळसूबाईच्या देवीला मोठी गर्दी असते. १६४६ मीटरच्या त्या शिखरावर शिड्या चढून जायचं आहे आणि वाटेवर सावली कमी. लहान मूल किंवा गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर कळसूबाई खालूनच बघावी.

पहाटे धुकं दिसलं की पांघरुणात परत शिरणं

निरभ्र रात्री हवा गार होते, तलावाचं पाणी मात्र उबदार राहतं, म्हणून पहाटे पाण्यावर धुकं धरतं. काहीच दिसत नाही म्हणून लोक खोलीवर परततात. थांबा. ऊन वर आलं की धुकं फाटायला लागतं आणि त्यातून डोंगरांचे माथे निघतात, ही या ऋतूतली सर्वांत देखणी वेळ. थर्मासमध्ये चहा आणि प्रत्येकाला स्वेटर असला की मुलंही तक्रार करत नाहीत.

परतीच्या पावसाला विसरणं

मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याच्या आगेमागे दुपारनंतर ढग दाटून येतात आणि विजा कडाडतात. पहिला गडगडाट ऐकू आला की उघड्या पठारावरून आणि एकट्या झाडाखालून निघून गाडीत किंवा पक्क्या घरात जा. यात भिडस्तपणा नको, सोबतचे कितीही ‘पाच मिनिटं थांबू’ म्हणोत. सर लवकर ओसरली तर मात्र बाहेर या, कारण धुतलेल्या हवेत पडलेलं मावळतीचं ऊन फार क्वचित मिळतं.

फोटोसाठी शेतात शिरणं

पिकलेल्या भातात मुलांना उभं केलं की लोंब्या आडव्या होतात, आणि ते कुणाच्या तरी वर्षभराच्या जेवणातले दाणे असतात. बांधावरून फोटो तितकाच छान येतो. सोनकीचंही तेच. चेहरे काळे येत असतील तर सूर्याकडे पाठ करून उभे राहू नका, ऊन एका गालावर येईल असे वळा. आणि डोंगर पांढरट येत असेल तर फोनच्या पडद्यावर आकाशाला बोट लावून उजेड थोडा कमी करा.

परतायच्या दिवशी सकाळचं ऊन बघून, नाश्ता करून, दहा-साडेदहाला निघा. तलावावर दुपार काढून संध्याकाळी निघालात तर रविवारच्या गर्दीत कसारा घाटात मुलं कंटाळून रडतात.