सर्फबोर्डचा ब्लँक निवडताना: आधी रेझिन, मग रॉकर, मग घनता

ब्लँक, म्हणजे ज्यातून सर्फबोर्ड कोरून काढतात तो फोमचा कच्चा तुकडा, घेताना बहुतेक जण आधी लांबी विचारतात आणि मग किंमत. खरं तर पहिला प्रश्न असायला हवा तो वरून फायबरच्या कापडासोबत कोणतं रेझिन (लावल्यावर कडक होणारं द्रव) लावणार याचा, कारण फोम कोणता चालेल ते तिथेच ठरतं. कोकणात आणि गोव्यात फायबरच्या होड्या बनवणाऱ्यांकडे सहज मिळतं ते पॉलिएस्टर, म्हणजे दुकानातलं जीपी रेझिन. त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. थर्माकोलच्या ब्लँकवर हे रेझिन ओतलं की काही मिनिटांत खड्डे पडायला लागतात. म्हणून थर्माकोल, म्हणजेच ईपीएस घेतलं तर इपॉक्सीशिवाय पर्याय नाही. पॉलियुरेथेनचा म्हणजे पीयूचा ब्लँक असेल, तर पॉलिएस्टर आणि इपॉक्सी दोन्ही चालतात.

कित्येक दशकं सर्फबोर्ड म्हणजे पीयूच असं समीकरण होतं. अमेरिकेतले बहुतांश ब्लँक कॅलिफोर्नियातल्या क्लार्क फोम या एकाच कारखान्यातून येत. ५ डिसेंबर २००५ रोजी तो अचानक बंद झाला, शेपर, म्हणजे ब्लँकला आकार देणाऱ्या मंडळींची धावपळ उडाली आणि ईपीएस-इपॉक्सीकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. आपल्याकडे पीयू ब्लँक बाहेरून मागवावा लागतो. वजनाला हलका, पण आकाराने मोठा असल्याने त्याचं भाडं अंगावर येतं. कोल्ड स्टोरेजवाल्यांकडची पफची, म्हणजे पीयू फोमचीच, लादी हा स्वस्त उपाय वाटतो, पण ती उष्णता अडवण्यासाठी बनवलेली असते. रंधा मारताना तिची भुकटी होते, बारीक कडा टिकत नाहीत आणि पायाच्या टाचेखाली ती लवकर दबते. निळ्या-गुलाबी एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन) शीटचंही तसंच. ती पाणी पीत नाही हे खरं, पण गुळगुळीत बंद पेशींवर रेझिनची पकड कमजोर बसते आणि उन्हात आतला वायू फुगून ग्लास, म्हणजे रेझिन आणि फायबरच्या कापडाचं कवच, फोमपासून सुटतो. पहिल्या बोर्डासाठी दोन्ही टाळा.

रॉकर

बाजूने पाहिलं की बोर्डाच्या तळाला जो बाक दिसतो तो रॉकर. ब्लँक निवडताना सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. रुंदी कापता येते, जाडी उतरवता येते, पण तयार ब्लँकचा रॉकर मनासारखा वळवायला फार थोडी जागा असते.

समजा ६ फूट २ इंच लांब, २० इंच रुंद आणि मध्यभागी अडीच इंच जाड बोर्ड हवा आहे. नोजला (पुढच्या टोकाला) ५ इंच आणि टेलला (मागच्या टोकाला) अडीच इंच रॉकर धरू, म्हणजे तळाच्या मध्यापेक्षा टोक तेवढं वर. ब्लँक ६ फूट ५ इंचांच्या आसपासचा पुरे. कॅटलॉगमध्ये लांबीशिवाय मध्याची आणि दोन्ही टोकांपासून १२ इंचांवरची रुंदी-जाडी दिलेली असते, आणि नोज-टेलचा रॉकर. घोटाळा नेमका १२ इंचांवरच्या आकड्यांत होतो. मध्ये भरपूर जाडी दिसते म्हणून ब्लँक घेतला जातो आणि टेलला फिन बॉक्स (तळाचे पंख अडकवायची खोबण) बसवायची वेळ आली की खाली फोमच उरलेला नसतो.

जास्तीचे ३ इंच कुठून कापता यावरही रॉकर बदलतो. बाकाचा मोठा हिस्सा शेवटच्या फुटात असतो. तिन्ही इंच नोजकडून कापले तर नोज लक्षात येण्याइतकं सपाट होतं, टेलकडून कापले तर टेल सपाट होतं. त्यामुळे कागदी साचा ब्लँकवर पुढे-मागे सरकवून बघणं हा रॉकर जुळवायचा फुकटातला उपाय आहे. त्यानंतर रंध्याची पाळी. नोजचा रॉकर वाढवायचा असेल तर टोकाखालून फोम काढावा लागतो: अर्धा इंच रॉकर वाढला की अर्धा इंच जाडी गेली. टोकापासून फूटभरावर मुळात पावणेदोन-दोन इंचच जाडी असते, म्हणजे हा सौदा महागात पडतो. रॉकर कमी करायचा असेल तर तळाच्या मध्यातून फोम काढायचा. मध्यावर जाडी जास्त असल्यामुळे हे जमतं. म्हणून दोन ब्लँकमध्ये मन अडकलं तर थोडा जास्त रॉकरवाला घ्या, मात्र मध्ये जाडी शिल्लक आहे ना ते पाहून.

'मोठाच घेऊ, कापता येईल' हा विचार पीयूत विशेष नडतो. पीयू साच्यात फुगतो, त्यामुळे साच्याला लागलेला थर दाट असतो आणि आत जावं तसा फोम मऊ होत जातो. अडीच इंचाच्या बोर्डासाठी पावणेतीन इंचाचा ब्लँक आदर्श. साडेतीन इंचाचा घेऊन एक इंच काढलात, तर पैसे दाट फोमचे मोजले आणि बोर्ड बनवला मऊ गाभ्याचा. डेकवरून, म्हणजे वरच्या बाजूने, फक्त साल काढावी, बाकी जाडी शक्यतो तळाकडून उतरवावी. उभं राहायचं ते डेकवर, टाचांचे खड्डे पडतात तेही तिथेच.

थर्माकोल विकत घेताना

सजावटीच्या दुकानातला एक मीटर बाय अर्ध्या मीटरचा तुकडा कामाचा नाही. तो लांबीला कमी, हलका आणि ठिसूळ असतो, आणि जोड दिला की रंधा तिथे अडखळतो. इन्सुलेशनसाठी ब्लॉक ओतणाऱ्या कारखान्यात जा आणि अख्ख्या लांबीचा ब्लॉक मागा. भारतीय मानक आयएस ४६७१ मध्ये १५, २०, २५, ३० आणि ३५ किलो प्रति घनमीटर असे वर्ग आहेत. तिथे '२० डेन्सिटी, व्हर्जिन दाणा' एवढं म्हटलं की कळतं. रिसायकल दाणा मिसळलेला ब्लॉक पांढऱ्यात करडे ठिपके दाखवतो आणि रंध्याखाली जागोजागी उखडतो.

१५ सर्फबोर्डाला कमी पडतो. २० वर चांगलं ग्लासिंग (फायबरचं कापड आणि रेझिन चढवणं) केलं तर स्वतःपुरता बोर्ड छान होतो. सर्फ स्कूलमध्ये रोज आपटायचा बोर्ड असेल तर २५ किंवा ३० घ्या. ३५ लिटरच्या बोर्डात २० आणि ३० मधला फरक ३५० ग्रॅमच भरतो, आणि हलक्या फोममध्ये दाण्यांमधल्या फटी जास्त रेझिन पितात, त्यामुळे त्यातलंही थोडं वजन परत येतं. त्या फटी ग्लासिंगआधी हलक्या फिलरने भराव्याच लागतात.

बिलावरच्या आकड्यावर विसंबू नका. ब्लॉकच्या कोपऱ्यातून १० सेंटिमीटरचा घन कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. तो एक लिटरचा असतो, म्हणून जितके ग्रॅम भरेल तितकीच किलो प्रति घनमीटर घनता. २० सांगितलं आणि १४ भरलं तर परत द्या. ताज्या ब्लॉकमध्ये वाफेचं पाणी असतं, ते वजन फुगवतं. दोन-तीन आठवडे हवेवर ठेवून मग मोजा आणि कापा, तोवर ब्लॉकचं आक्रसणंही बहुतेक होऊन जातं. मग तोच तुकडा हाताने मोडा. तुटलेल्या जागी दाणे मधून फाटलेले दिसले तर ते एकमेकांना नीट चिकटलेत. अख्खे गोल दाणे सुटून आले तर जोड कच्चा आहे. असा बोर्ड कुठे फुटला की पाणी दाण्यांमधून लांबवर पसरतं.

ब्लॉकची उंची ठरवताना रॉकर विसरू नका. तापलेल्या तारेने सारख्या जाडीचा ब्लँक कापायचा असेल तर ५ इंच रॉकर अधिक पावणेतीन इंच जाडी, म्हणजे ८ इंच उंचीचा ब्लॉक लागतो. पुढचा ब्लँक त्याच बाकाला लागून निघतो, त्यामुळे दुसऱ्यासाठी ३ इंचच वाढतात. दोघांनी मिळून ११ इंची ब्लॉक घेणं परवडतं.

स्ट्रिंगर

तयार ब्लँकमध्ये मधोमध साधारण ३ मिलिमीटरची लाकडी पट्टी असते. नोजकडून एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाका, वाकडी असेल तर लगेच दिसते. मग नोज आणि टेलपासून फूटभर अंतरावर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर ब्लँकला पीळ आहे, तो घेऊ नका. थर्माकोलमध्ये स्ट्रिंगर स्वतः बसवणार असाल तर ४ मिलिमीटर मरीन प्लाय आणि इपॉक्सी वापरा. फर्निचरवाल्यांचा पिवळा रबरी गोंद नको, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. पांढरा गोंद मध्यभागी आठवडाभर ओलाच राहतो. इपॉक्सीही सांध्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आतच थांबवा. सुकल्यावर ती फोमपेक्षा खूप कडक होते आणि रंधा तिच्यावरून उडी मारतो.

ब्लँक आणल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवू नका. पीयू उन्हात पिवळा पडतो, म्हणून त्याला कागदात गुंडाळा. भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा दोन आधारांवर आडवा ठेवा. थर्माकोलचं ग्लासिंग संध्याकाळी, तापमान उतरत असताना करा. सकाळी केलं तर दुपारपर्यंत आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे वर येत राहतात.