बीपी आहे? आधी मिठाची पिशवी किती दिवस पुरते ते बघा

घरात कुणाला बीपी निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आता वरून मीठ घ्यायचं नाही". आणि ते खरंच बंदही होतं, पण आमटीत मीठ तेवढंच पडत राहतं, पापड लोणचं तेवढंच, चारच्या चहाबरोबर फरसाणही तेवढंच, म्हणजे मोठा भाग जसाच्या तसा आणि आपल्याला वाटतं पथ्य चालू आहे. बीपीचा त्रास असा की वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि आतून मेंदू, हृदय, किडनी सगळ्यावर ताण पडत असतो. जगात दरवर्षी साधारण १ कोटी मृत्यूंच्या मागे वाढलेलं बीपी असतं. म्हणून जास्त जगायचं म्हणून महागड्या पावडरी आणि गोळ्या घेण्याआधी मी प्रत्येकाला सांगते, मीठ मोजा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं, भाजीतलं, पोळीच्या कणकेतलं, बाहेरच्या वडापावातलं. आता रोज कोण वजन करत बसणार, तर सोपं करा. मिठाची १ किलोची नवीन पिशवी फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा आणि संपली की दिवस मोजा. घरात चार मोठी माणसं असतील तर माणशी ५ ग्रॅम म्हणजे रोजचे २० ग्रॅम, म्हणजे पिशवी ५० दिवस जायला हवी. दोघंच असाल तर १०० दिवस, पाच जण तर ४०. आणि बाहेरचं, विकतचं खाणं यात धरलेलंच नाही, त्यामुळे खरं तर त्याहूनही जास्त दिवस पुरायला पाहिजे. लोणचं घालायला किंवा भाज्या धुवायला जे मीठ जातं त्याची पिशवी वेगळी ठेवा नाहीतर हिशोब चुकेल. चौघांच्या घरात महिन्यात पिशवी संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर चाललंय, आणि आपल्याकडे हे अगदी कॉमन आहे.

कमी करताना एकदम अळणी करू नका प्लीज. आणि बीपीवाल्याचं वेगळं पातेलंही नको, चार दिवस चालतं मग करणारी बाई कंटाळते आणि खाणाऱ्याला आपण आजारी आहोत असं वाटत राहतं. सगळ्या घराचंच कमी करा, मुलांना पण फायदाच आहे. मीठ चिमटीने किंवा हाताने घालत असाल तर आधी डब्यात एक छोटा चमचा ठेवा आणि आत्ता आमटीला किती पडतं ते बघा, मग त्यातलं अगदी थोडं कमी, दोन आठवडे तसंच ठेवा, मग परत थोडं. जिभेला सवय लागायला काही आठवडे जातात पण लागते, नंतर जुन्या मापाची भाजी खारट लागायला लागते.

चव भरून काढायला आपल्या स्वयंपाकात खूप काही आहे. आंबटपणा असला की मीठ कमी पडलेलं कळत नाही, त्यामुळे लिंबू, आमसूल, चिंच हात सैल सोडून वापरा. लसणीची फोडणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, कोथिंबीर. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला, पाणीही सुटत नाही आणि वरवरचं मीठ जिभेला लगेच लागतं म्हणून कमीत भागतं. भाकरीत तसंही बऱ्याच घरात मीठ नसतंच, मग पोळीच्या कणकेतलं पण बंद करून बघा. ताकात मिठाऐवजी जिरेपूड आणि पुदिना. भाताला मीठ कशाला हवं, वरणात असतंच की.

लपलेलं मीठ मात्र नीट बघा. लोणचं, पापड, सुकट, बोंबील हे माहीत असतं, पण ब्रेड, खारी, बिस्किटं, सॉस, इन्स्टंट नूडल्सचा मसाला हे लक्षात येत नाही. खायच्या सोड्यात आणि पापडखारातही सोडियम, म्हणजे मिठातला बीपी वाढवणारा भाग, असतं, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमध्येसुद्धा. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं.

सैंधव घेतलं की हवं तेवढं चालतं हा समज सोडा, त्यातही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, शिवाय बऱ्याचदा आयोडीन घातलेलं नसतं. कमी सोडियमचं मीठ ही वेगळी गोष्ट, त्यात थोडं सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, निकाल २०२१ मध्ये आले, आणि असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये स्ट्रोक १४ टक्के कमी झाले, मृत्यूही कमी झाले. पण किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका, रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वयस्कर माणसांचं रक्तातलं सोडियम आधी कधी कमी झालं असेल तर त्यांचं मीठही आपल्या मनाने कमी करायचं नाही.

आता फरक पडतोय का ते कळायला बीपी घरी मोजा. मनगटाचं नको, दंडाला बांधायचं मशीन घ्या आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा, छोटा पट्टा आकडा जास्त दाखवतो. चहा, तंबाखू, व्यायाम आधी अर्धा तास नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही वर न सरकवता दंड मोकळा करा आणि ५ मिनिटं गप्प बसा. मोजताना बोलायचं नाही, सूनबाईंशी सुद्धा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, असं ७ दिवस, सगळं वहीत लिहा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

मीठ ४-५ ग्रॅमने कमी झालं तर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ च्या आसपास उतरतो. चांगलाच फायदा आहे, पण तेवढ्यावर गोळी बंद करू नका, डोस कमी करायचा का ते डॉक्टर वही बघून ठरवतील. आणि कधी १८०/१२० च्या वर गेलं तर ५ मिनिटं थांबून परत मोजा, तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं होत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा हातपाय गळल्यासारखे वाटत असतील तर परत मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.