गुडघे कुरकुरतात, तरी दारात कोंबड्या हव्यात? मग एवढी तयारी करा

सगळ्यात आधी आकडा ठरवा, आणि तो अंग धरलेल्या दिवसाच्या मापाने ठरवा. बरं वाटत असतं तेव्हा वीस कोंबड्यांचं करायलाही काही वाटत नाही. पण पाऊस लागलाय, सांधे आखडलेत, रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि मुलगा-सून मुंबईला, अशा दिवशी किती जिवांचं दाणापाणी, झाडलोट आणि संध्याकाळची कोंडाकोंड आपल्याच्याने होईल? तेवढ्याच कोंबड्या. घरात दोन म्हातारी माणसं असतील तर पाच-सहा पुष्कळ झाल्या. गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ८० अंडी देते, सुधारित जात त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. दोघांना खाऊन शेजारी द्यायलाही उरतात.

कोंबडा ठेवू नका. हे ऐकून गावात लोक हसतात, पण अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. आणि तापट कोंबडा मागून येऊन पोटरीवर झेप घेतो, पायामागचा काटा खोल रुतवतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते रक्त लवकर थांबत नाही; मधुमेह असेल तर जखम महिनाभर पुरते. राखणेला, म्हणजे देवाला द्यायला, कोंबडा लागलाच तर विकत मिळतो.

मग डॉक्टरांकडे जाऊन या, आणि नुसतं ‘कोंबड्या पाळू का’ असं विचारू नका. त्यावर ते नको म्हणतील आणि विषय संपेल. नेमकं विचारा. दमा किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर खुराड्यातली धूळ आणि विष्ठेचा उग्र वास चालेल का? बहुतेक वेळा सफाई दुसऱ्याने करायची आणि आपण दाणापाणी बघायचं, यावर गाडी येते. केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा संधिवाताच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र हे प्रकरण पुढे ढकलाच. कोंबडी धडधाकट दिसली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, आणि वय झालेल्या माणसाला तो चांगलाच आडवा करतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर मोकळीक देईपर्यंत खुराड्याकडे फिरकू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

गोळ्यांचं वेळापत्रक आणि कोंबड्यांचं वेळापत्रक एकमेकांच्या आड येऊ देऊ नका. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं, ‘जरा कोंबड्या सोडून येते, मग खाते’ म्हणायचं, आणि तिकडे खुराड्यापाशी अर्धा तास मोडायचा, हे अगदी सहज होतं. साखर उतरून माणूस तिथेच बसतं. आधी नाश्ता, मग कोंबड्या. अर्धा तास उशिरा सोडल्या म्हणून त्या रुसत नाहीत.

आता खुराडं. पैसे खर्च करायचे ते इथे. आपल्याकडचं जुनं खुराडं म्हणजे पडवीच्या कडेला चिऱ्याचं, हातभर उंच, पुढे फळी लावलेलं. अंडं काढायचं तर ओणवं व्हायचं, झाडायचं तर गुडघ्यांवर बसायचं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला खाली वाकून झटकन उठलं की चक्कर येते आणि जवळ धरायला काही नसतं. म्हणून खुराड्याची जमीनच कमरेइतकी वर आणा. सुताराला सांगा, चार मजबूत पाय, त्यावर अडीच-तीन फुटांवर पेटी, पुढची बाजू पूर्ण उघडणारी. पाच-सहा कोंबड्यांना रात्रीपुरती चार फूट बाय तीन फूट जागा ऐसपैस होते. तळाला सरकणारा पत्रा घाला, म्हणजे घाण काढताना ड्रॉवरसारखा ओढायचा आणि माडाच्या आळ्यात उलटायचा. पण भरलेला पत्रा ओढून बघा. जड वाटला तर त्याचे दोन भाग करून घ्या. आत भाताचं तूस पसरा. अंडी घालायची खोकी बाहेरच्या अंगाला ठेवून त्याला वरून झाकण करा, उभ्या उभ्या हात घालून अंडं काढता येतं. पाच कोंबड्यांना दोन खोकी चालतात, तसंही त्या सगळ्या एकाच खोक्यासाठी भांडतात. कोंबड्यांना चढायला फळीची उतरण, तिच्यावर आडव्या पट्ट्या.

कडी कशी हवी ते स्वतः जाऊन, हाताने उघडून-लावून ठरवा. बाजारातली छोटी सरककडी नव्या हातांसाठी असते; सकाळी बोटं उघडत नाहीत त्यांना ती सरकत नाही, आणि पावसाळ्यात गंजली की मुळीच नाही. लाकडाची जाड फिरती खिटी बरी, तळहाताने ढकलली की फिरते. पण मांजरही ती पंजाने फिरवतं, म्हणून तिच्यावर दोरीचा एक फास टाकायला खिळा हवा. जाळी घेताना षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश घ्या, उंदीर आणि साप दोन्ही अडतात.

घरापासून खुराड्यापर्यंतची वाट हीसुद्धा खुराड्याचाच भाग समजा. शेवाळलेल्या चिऱ्यांवर जून ते सप्टेंबर काय होतं ते कोकणात सांगायला नको. ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, पायऱ्या असतील तिथे एका बाजूला बांबूचा का होईना कठडा बांधा, आणि एक हात नेहमी मोकळा राहील एवढंच सामान न्या. अनवाणी जाऊ नका. दाण्यावर उंदीर येतात, उंदरांबरोबर लेप्टोचा ताप येतो, आणि पायाला भेग असली की त्याला दार उघडंच. मधुमेह्यांनी रात्री दिव्याखाली तळपाय बघायचे, दिसत नसेल तर आरसा धरून. खुराड्याची चप्पल किंवा बूट वेगळे, ते स्वयंपाकघरात येता कामा नयेत. मोबाइल खिशात. तो आत चार्जिंगला लावलेला असला तर परसात पडलेल्या माणसाच्या काय कामाचा?

पिल्लं आणायचा मोह टाळा. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणजे बल्ब, रात्रीचं उठणं आणि वीज गेली की धावपळ. चार-पाच महिन्यांच्या तलंगा आणा, थोड्या महाग पडतील, पण महिना-दीड महिन्यात अंड्यावर येतात. जात कुठली, यावर लोक तावातावाने बोलतात. गावरान चपळ, हुशार, घारीची सावली पडली की झुडपात. पण तिन्हीसांजेला फणसावर जाऊन बसली की उतरवणार कोण? गिरिराज, वनराज या सुधारित जातींच्या कोंबड्या अंगाने जड, उंच उडत नाहीत, खाली हाताला लागतात. मात्र मुंगसाच्याही लागतात. उचलायलाही जड. माझं मत विचाराल तर कुंपण असेल तर ग्रामप्रिया ही सुधारित जात, नसेल तर गावरानच, पण लहानपणापासून खुराड्यात कोंडायची सवय असलेली.

घेताना लसीकरणाचं विचारा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पहिल्या आठवड्यात झालेली असते, त्याच रोगाची आर-टू-बी साधारण आठव्या आठवड्याला टोचतात, शिवाय कोंबड्यांच्या देवीची. लसीची कुपी १०० किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती फोडणं परवडत नाही, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवायचा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून माणूस बोलवायचा. थरथरत्या हाताने स्वतः टोचू नका. ही जिवंत लस माणसाच्या डोळ्यात उडाली तर डोळे येतात.

दाणा ५० किलोच्या पोत्यात येतो. दुकानदाराला पोतं घरपोच टाकायला आणि झाकणाच्या पिंपात ओतून द्यायला सांगा, वरच्या चार पैशांकडे बघू नका. रोज किलोच्या डब्याने काढायचं. कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लागतो. बाहेर फिरून किडा-वाळवी खाणारीला त्याहून कमी. म्हणजे पाच कोंबड्यांना हे पोतं तीन महिने जाईल, आणि पावसाळ्यात तोवर त्याला बुरशी धरेल. बुरशीचा दाणा कोंबडीच्या काळजावर, म्हणजे यकृतावर, जातो. तेव्हा पोतं शेजारणीबरोबर अर्धं वाटून घ्या. पाण्याची बादली उचलायची नाही, नळाला पाइप जोडून भांडं जागच्या जागी भरा. एरवी कोंबडीमागे पाव लिटर, मे महिन्यात दुप्पट.

खाण्यातलं एक. आजारपणात शक्ती यावी म्हणून दुधात कच्चं अंडं फेटून द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती बंद करा. घरचं अंडं असलं तरी पूर्ण उकडून किंवा नीट भाजून. अंडी काढल्यावर साबणाने हात.

एखादी कोंबडी मान वाकडी करून बसली तर तिला वेगळी करा आणि दवाखान्यात फोन लावा. पण एकदम पटापट मरायला लागल्या तर हात लावू नका, कापू नका, कुणाला देऊ नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच महाराष्ट्रात, नवापुरात निघाला होता. पशुसंवर्धन खात्याला कळवायचं आणि त्यांची माणसं येईपर्यंत लांब राहायचं.

आपण दवाखान्यात भरती झालो तर कोंबड्यांचं काय, हे आजच शेजारणीशी बोलून ठेवा. ‘तेवढे दिवस अंडी तुझी’ असं स्पष्ट सांगितलं की तिलाही उपकार केल्यासारखं वाटत नाही. खुराड्याच्या दाराच्या आत, पावसाने भिजणार नाही असा जाड अक्षरांतला कागद लावा: दाणा किती, कुठे, कोंडायची वेळ, पशुवैद्यांचा नंबर. दोन-अडीच वर्षांनी अंडी कमी होतात, कोंबडी पुढेही काही वर्षं जगते. तेव्हा कापायची, विकायची की सांभाळायची, आणि कापायची तर कोण कापणार, हेही घरात ठरलेलं असू द्या. ऐन वेळी नातवंडांसमोर हा वाद होतो.

सुरुवात दिवाळीनंतर करा. वाट कोरडी, हवा बरी, आणि पुढच्या पावसाआधी खुराड्यातल्या सगळ्या खोडी कळून येतात. नव्या तलंगांना पहिला आठवडा आतच ठेवा, दाणापाणी आतच. मग पहिल्यांदा सोडाल ते संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, म्हणजे लांब जायच्या आत परततात. एखादी बाहेर राहिलीच तर पाठीमागे धावू नका. अंधार झाला की ती जिथे बसेल तिथे हलत नाही. बॅटरी दुसऱ्याच्या हातात द्या, दोन्ही हातांनी वरून पंख दाबून धरा, आणि उचलून आत ठेवा.