डेस्कटॉप डेटाबेसमधलं नवीन फीचर वापरायच्या आधी, आणि डेव्हलपरला फीडबॅक पाठवायच्या आधी

अपडेट आलं आणि काहीतरी नवीन दिसलं की हात शिवशिवतात, माझे तरी. पण डेटाबेसमध्ये एक गोची असते. इथली काही फीचर्स नुसती मेन्यूत येऊन बसत नाहीत, ती तुमच्या फाईलमध्ये जाऊन बसतात, आणि मग जुन्या व्हर्जनला ती फाईल वाचताच येत नाही. मी स्वतः हा गाढवपणा केलाय. एसक्यूलाइटच्या (सगळा डेटा एकाच फाईलमध्ये ठेवणारं डेटाबेस इंजिन) एका चालू फाईलमध्ये मोठ्या हौसेने एक स्ट्रिक्ट टेबल (कॉलमला ठरवून दिलेल्या टाइपचाच डेटा घेणारं) टाकलं, माझ्याकडे मस्त चाललं, आणि दुसऱ्या मशीनवर जुनं टूल होतं तिथं फाईल उघडायला गेलो तर 'मालफॉर्म्ड डेटाबेस स्किमा', म्हणजे टेबलांचा आराखडाच बिघडलाय अशी एरर. अर्धा दिवस मी फाईल करप्ट झाली म्हणून बॅकअप शोधत बसलो, फाईलला काहीच झालं नव्हतं. स्ट्रिक्ट टेबलं ३.३७ मध्ये आली, नोव्हेंबर २०२१ ला, त्याच्या आधीच्या व्हर्जनला तो शब्दच माहीत नाही, बस एवढंच.

तर पहिलं काम, कॉपी. आणि कॉपी म्हणजे सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून घेतलेली कॉपी. एसक्यूलाइट वॉल (WAL) मोडमध्ये असेल, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहीत असेल, तर मुख्य फाईलशेजारी नावाच्या शेवटी -wal असलेली अजून एक फाईल असते, अगदी ताजा डेटा कधीकधी अजून तिच्यातच असतो, आणि आपण फक्त मुख्य फाईल उचलून नेतो आणि मग शेवटच्या एंट्र्या गेल्या म्हणून बोंब मारतो. बंद करायचं नसेल तर व्हॅक्यूम इंटू ही कमांड वापरा, ३.२७ पासून आहे, चालू डेटाबेसची स्वच्छ कॉपी दुसऱ्या नावाने काढून देतं.

मायक्रोसॉफ्ट ऍक्सेसमध्येही हाच प्रकार. त्यात लार्ज नंबर नावाचा डेटा टाइप आलाय, एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसमधल्या बिगइंट (फार मोठे पूर्णांक) कॉलमसाठी, नाहीतर लिंक केलेल्या टेबलात ते आकडे टेक्स्ट म्हणून यायचे आणि सॉर्ट केलं की १० च्या नंतर २ यायचा. चांगलं फीचर आहे, वाद नाही. पण करंट डेटाबेसच्या ऑप्शनमध्ये तो टिकमार्क एकदा लावला की मागे फिरता येत नाही आणि जुन्या ऍक्सेसमध्ये ती फाईल चालणार नाही. शिवाय ३२ बिट ऍक्सेस असेल तर व्हीबीएमध्ये (ऍक्सेसची कोड लिहायची भाषा) लाँगलाँग हा टाइपच मिळत नाही, म्हणजे टेबलात आकडा बसतो पण कोडमध्ये त्याला धरायला भांडं नाही. त्यामुळे टिक लावायच्या आधी ही फाईल कोणकोण उघडतं आणि कुठल्या व्हर्जनमध्ये, हे विचारून घ्या.

आता स्ट्रिक्टचंच उदाहरण घेऊन तपासायचं कसं ते सांगतो, कारण फीचर खरंच कामाचं आहे. साध्या एसक्यूलाइट टेबलात इंटिजर (पूर्णांक) कॉलममध्ये 'अबक' टाकलं तरी ते निमूट घेतं, स्ट्रिक्टमध्ये एरर देतं. जुनं टेबल ऑल्टर करून स्ट्रिक्ट होत नाही, नवीन टेबल बनवून डेटा त्यात ओतावा लागतो. ओतायच्या आधी जुन्या टेबलावर टाइपऑफ फंक्शन (किंमत कुठल्या टाइपची आहे ते सांगणारं) चालवा आणि प्रत्येक कॉलममध्ये कुठकुठल्या टाइपच्या किती ओळी आहेत ते ग्रुप बाय करून बघा, तिथंच कळतं की रकमेच्या कॉलममध्ये कोणीतरी 'नंतर देणार' असं लिहून ठेवलंय. ते आधी साफ करा, मग ओता, मग दोन्हीकडच्या ओळी मोजा, आणि मग ती कॉपी जिथं जिथं वापरायची आहे तिथं तिथं उघडून बघा. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. कुठल्या टूलमध्ये कुठलं एसक्यूलाइट आहे हे बघायला सिलेक्टमध्ये एसक्यूलाइट_व्हर्जन() चालवायचं, कारण डीबी ब्राउझरसारखी, एसक्यूलाइट फाईल उघडून दाखवणारी टूल्स स्वतःबरोबर स्वतःचं एसक्यूलाइट घेऊन येतात, टूल नवीन म्हणजे आतलं इंजिनही नवीन असं धरून चालू नका.

समजा तपासताना काहीतरी बिघडलं. लगेच 'तुमचं अपडेट आल्यापासून काहीच चालत नाही' असं लिहून पाठवू नका, असलं वाचून डेव्हलपर काय करणार, तो त्याच्या मशीनवर बघतो, त्याच्याकडे चालतं, विषय संपला. आधी ठरवा की चूक इंजिनची, म्हणजे आतल्या एसक्यूलाइटची, की वरच्या खिडकीची, म्हणजे टूलची. तीच क्वेरी एसक्यूलाइटच्या साध्या कमांड लाइन शेलमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करायच्या प्रोग्राममध्ये, चालवा. तिथंही बिघडली तर इंजिन, नाही बिघडली तर टूल. या एका गोष्टीने तक्रार बरोबर दारात जाते.

मग छोटी फाईल बनवा. माझ्या मते फीडबॅकमधलं सगळ्यात किमती हेच, बाकी वर्णन कमी पडलं तरी चालेल. एक टेबल, चारपाच खोट्या ओळी, एक क्वेरी किंवा एक फॉर्म, आणि चूक दिसली पाहिजे. आणि हो, खरी फाईल घेऊन त्यातल्या ओळी डिलीट करून पाठवू नका! डिलीट केलेला डेटा फाईलच्या रिकाम्या पानांमध्ये पडून राहू शकतो, एसक्यूलाइटमध्ये व्हॅक्यूम आणि ऍक्सेसमध्ये कॉम्पॅक्ट अँड रिपेअर करेपर्यंत. लोकांची नावं, फोन नंबर असलेला डेटा असेल तर कोऱ्या फाईलपासूनच सुरुवात करा. गंमत म्हणजे फाईल लहान करता करताच बऱ्याचदा चूक आपलीच होती हे कळतं, मला तरी कितीदा कळलंय, आणि मग पाठवायची लाज वाचते.

लिबरऑफिस बेसवाल्यांनी (लिबरऑफिसमधला डेटाबेस) दोन गोष्टी जास्त कराव्यात. एक, हेल्पमधून सेफ मोडमध्ये रिस्टार्ट करून बघा, कारण अर्धी भुतं जुन्या प्रोफाइलची (साठवलेली सेटिंग्ज) किंवा एक्स्टेंशनची असतात. दोन, डेटा कुठल्या इंजिनमध्ये आहे ते लिहा. ओडीबी (बेसची फाईल) फाईलच्या आत एचएसक्यूएलडीबी आहे, फायरबर्ड आहे, की बाहेरच्या सर्व्हरला जोडलंय, हे नाही लिहिलं तर पहिला प्रश्न तोच येणार. एचएसक्यूएलडीबी असेल तर जावाचं व्हर्जनही लिहा, ते जावाशिवाय चालत नाही. अबाउटच्या खिडकीत व्हर्जनची सगळी माहिती कॉपी करायचं बटण आहे, तेच दाबून चिकटवा. आधीच्या व्हर्जनमध्ये चालत होतं असं वाटत असेल तर जुनी व्हर्जन्स त्यांच्या आर्काइव्हमध्ये मिळतात, एकदोन टाकून बघा आणि कुठपर्यंत चालत होतं ते लिहा. असं सांगितलं की शोधायचा पट्टा एकदम छोटा होतो.

नवीन फीचर मागायचं असेल तर मात्र थोडं वेगळं. बटण मागू नका, काम सांगा. 'इम्पोर्टला अजून एक ऑप्शन द्या' यापेक्षा 'दर महिन्याला सीएसव्ही येते, तारखा दिवस-महिना-वर्ष अशा असतात, १२ तारखेपर्यंत दिवस आणि महिना उलटतात आणि १३ पासून बरोबर येतात, त्यामुळे चूक पटकन दिसतच नाही' हे वाचून समोरच्याला नेमकं दुखणं कळतं, उपाय तो तुमच्यापेक्षा चांगला शोधेल. असं सांगून फरक पडतो बरं का. ऍक्सेस २०१३ मधून डीबेस या जुन्या डेटाबेसच्या डीबीएफ फाईलचा सपोर्ट काढून टाकला होता, पण डीबीएफ फाईल्स काही जगातून गेल्या नव्हत्या, नकाशावाल्यांच्या शेपफाईलमध्ये तर एक डीबीएफ असतेच, लोकांनी मागणी लावून धरली आणि २०१६ मध्ये तो परत आला.

पण जुनं वागणं बदला अशी मागणी करताना जरा थांबा. एसक्यूलाइटमध्ये प्रायमरी कीच्या कॉलममध्ये (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) चक्क नल, म्हणजे रिकामी किंमत, बसू शकतो (इंटिजर प्रायमरी की सोडून), सुरुवातीच्या एका बगमुळे. तो त्यांनी मुद्दाम तसाच ठेवलाय, कारण दुरुस्त केला तर त्या वागण्यावर विसंबलेली जुनी ऍप्लिकेशन्स मोडतील. फॉरेन की तपासणीही (एका टेबलातून दिलेला दुवा दुसऱ्या टेबलात खरंच आहे का ते बघणं) याच कारणाने आपणहून चालू नसते, प्रॅग्मा या सेटिंगच्या कमांडने चालू करावी लागते. स्ट्रिक्टमध्ये मात्र प्रायमरी कीत नल चालत नाही. म्हणजे जुन्या फाईलींना धक्का नाही, ज्याला हवं त्याने नवीन टेबलात स्ट्रिक्ट हा शब्द लिहावा. म्हणून तुमचीही मागणी 'डिफॉल्ट बदला' अशी नको, 'नवीन फाईलसाठी ऑप्शन द्या' अशी मांडा, ती मान्य व्हायची शक्यता खूप जास्त.

पाठवायच्या आधी तीच तक्रार कोणी केलीये का ते शोधा, असेल तर नवीन उघडू नका, त्याच्यातच तुमची छोटी फाईल जोडा. पाठवल्यावर मेलवर लक्ष ठेवा. लिबरऑफिसच्या बगझिलामध्ये (तक्रारी नोंदवायची साइट) माहिती कमी पडली की बग नीडइन्फोमध्ये जातो, आणि बरेच महिने कोणी उत्तर दिलं नाही की अपुरी माहिती म्हणून बंद होतो. दुरुस्ती झाली असं कळवलं तर डेली बिल्ड (रोज बनणारं कच्चं व्हर्जन) उतरवा, तुमच्या त्याच छोट्या फाईलवर चालवा आणि चाललं की नाही ते तिथंच लिहा, डेली बिल्ड खऱ्या डेटावर मात्र नको.