सॅमन जुन्या नदीत परत आणताना मूल्यमापनातल्या या चुका टाळा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरण १९४२ मध्ये पूर्ण झालं. माशांना वर जायला त्यात वाट ठेवली नाही. त्याच्या खालचं चीफ जोसेफ धरणही तसंच. त्यामुळे वरच्या शेकडो किलोमीटर नदीतून सॅमन नाहीसा झाला. कोलव्हिल, स्पोकेन आणि कर डलेन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमाती आता तो टप्प्याटप्प्याने परत आणत आहेत. अधिवास, बीज (म्हणजे सोडायचे मासे कुठल्या नदीतले, कुठल्या वंशाचे) आणि रोग यांचा पहिला अभ्यास २०१९ मध्ये हाती आला आणि २०२३ मध्ये २० वर्षांसाठी २० कोटी डॉलरचा करार झाला. असं काम करायचं की नाही, कसं करायचं, हे ठरवताना ज्या चुका होतात त्या इथे घेतल्या आहेत.

आधी एक खुलासा. आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावस वेगळ्याच कुळातला. हा सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो. जोखीमही याच फेरीत ठिकठिकाणी दडलेली असते.

चूक: मासा वर पोहोचला म्हणजे झालं, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. प्रौढ मासा धरणाला बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्यांनी (मत्स्यजिन्याने), नाहीतर टँकरने वर नेता येतो. अवघड असतं ते पिल्लांचं खाली येणं. ऑरेगॉनमधल्या डेशूट्स नदीवर १९६४ मध्ये राउंड ब्यूट धरण झालं तेव्हा माशांची सोय केलेली होती. पण जलाशयात तीन नद्या येतात आणि त्यांतल्या मेटोलियसचं पाणी फार थंड. तापमानातल्या फरकामुळे पृष्ठभागावरचे प्रवाह भलतीकडे वळले आणि समुद्राकडे निघालेल्या पिल्लांना भिंतीकडची वाट सापडेना. १९६८ मध्ये प्रयत्न सोडून द्यावा लागला. पृष्ठभागावरचं पाणी ओढून प्रवाह भिंतीकडे वळवणारा मनोरा उभा राहायला २००९ साल उजाडलं.

म्हणून प्रौढ मासे वर नेण्याआधी खुणा केलेली पिल्लं जलाशयाच्या वरच्या टोकाला सोडा आणि भिंतीपाशी किती पोहोचतात, किती दिवसांत पोहोचतात ते मोजा. हे निदान दोन वेगळ्या पाणवर्षांत करा, एक भरपूर पाण्याचं आणि एक तुटीचं. टर्बाइनमधून, सांडव्यावरून आणि पिल्लं गोळा करणाऱ्या संकलकातून जाणाऱ्यांचा जगण्याचा दर वेगवेगळा काढा. एकच सरासरी आकडा दिला तर दुरुस्ती कुठे करायची तेच कळत नाही.

चूक: परतलेले मासे मोजणं, पिढी न मोजणं

समजा चिनूक या जातीच्या सॅमन मादीने ४,५०० अंडी घातली. त्यातली १० टक्के स्थलांतराच्या वयाची झाली, म्हणजे ४५० पिल्लं. जलाशय आणि धरण पार करून ४० टक्के जगली, उरली १८०. समुद्रातून १ टक्का परतली, म्हणजे १.८ मासे. अंडी घालण्याआधी पाचातला एक मेला, उरले १.४४. जोडीमागे दोन मासे खर्ची पडले होते, म्हणून गुणोत्तर ०.७२. वर नेलेल्या प्रत्येक शंभर माशांमागे पुढच्या पिढीत ७२. बाहेरून मासे ओतत राहिलं नाही तर ही संख्या संपणार.

आता फक्त धरणाचा आकडा ४० वरून ७५ टक्क्यांवर न्या आणि बाकी सगळं तसंच ठेवा. गुणोत्तर १.३५ येतं. समुद्रातलं परतीचं प्रमाण आपल्या हातात फारसं नसतं. कोलंबिया खोऱ्यात २ ते ६ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे, पण नियोजन त्यावर बेतू नका. १ टक्का धरूनही गणित बसतं का ते बघा.

गुणोत्तर मोजायचा खात्रीचा मार्ग म्हणजे वर नेलेल्या प्रत्येक माशाच्या परातून छोटा तुकडा घेऊन जनुकीय ओळख नोंदवणं आणि परतलेल्यांचे आईबाप शोधणं. चिनूक साधारण तीन ते पाच वर्षांचे होऊन परततात, त्यामुळे एका वर्षाच्या अंड्यांचा हिशेब पाच वर्षांनीच पूर्ण होतो. दुसऱ्या वर्षी यश जाहीर करू नका.

चूक: हाताशी असलेलं बीज वापरणं

जवळच्या मत्स्यबीज केंद्रात मासे शिल्लक आहेत म्हणून तेच सोडायचे, असा मोह होतो. बीज निवडताना नदीत शिरण्याचा काळ, पाण्याचं तापमान आणि समुद्रापासूनचं अंतर जुळायला हवं. मूळ नदीतून किती मासे काढले तर तिथली संख्या ढासळेल तेही काढा. तो आकडा नसेल तर त्या नदीला हात लावू नका.

चुकीच्या बीजाचं नुकसान समजायला आपल्याच महासीरचं उदाहरण पुरेसं आहे. लोणावळ्याजवळ वळवणला गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून निळ्या पराचा महासीर पैदा केला जातो आणि त्याची बोटुकली देशभर गेली. कावेरीतही तो सोडला गेला. तिथला मूळचा कुबड्या महासीर आज अतिसंकटग्रस्त आहे आणि त्याच्या घसरणीमागच्या कारणांत या बाहेरच्या माशाचं नाव घेतलं जातं. हेतू संवर्धनाचा होता, म्हणूनच हे लक्षात ठेवायला हवं.

चूक: रोग ‘आहे की नाही’ एवढंच विचारणं

कुठला प्रकार, हा प्रश्न विचारा. सॅमनमधल्या आयएचएन विषाणूचा ‘यू’ गट मुख्यतः सॉकाय जातीच्या सॅमनला मारतो, तर ‘एम’ गट रेनबो ट्राउटला आणि त्याच्याच समुद्रात जाऊन येणाऱ्या रूपाला, म्हणजे स्टीलहेडला. ऑरेगॉन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीतला सेराटोनोव्हा शास्ता हा परजीवीही तसाच, एक प्रकार चिनूकला आणि दुसरा कोहो या सॅमनच्या जातीला जाचतो. वरच्या पाण्यात आधीच कुठले प्रकार आहेत हे पाहिल्याशिवाय ‘मासे रोग घेऊन येतील’ म्हणण्याला अर्थ नाही.

नमुन्याचा आकडाही नीट समजून घ्या. ६० मासे तपासून एकही बाधित सापडला नाही, तर प्रादुर्भाव ५ टक्क्यांहून कमी आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं, तेही चाचणी अचूक असेल तरच. २ टक्क्यांपर्यंत पोहोचायला सुमारे १५० लागतात. साठही मासे एकाच दिवशी एकाच सापळ्यातून घेतले तर ही खात्री उरत नाही.

प्रौढांऐवजी अंडी नेली तर धोका कमी होतो. आयोडोफोर या आयोडीनयुक्त जंतुनाशकाच्या १०० पीपीएम (दहा लाखात १०० भाग) द्रावणात १० मिनिटं ठेवल्यावर अंड्याच्या पृष्ठभागावरचे विषाणू मरतात. पण मूत्रपिंडाच्या जिवाणू रोगाचा जंतू अंड्याच्या आत असतो, तिथे आयोडीन पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक मादीची तपासणी करून बाधित मादीची अंडी वेगळी काढावीच लागतात.

चूक: जुन्या नकाशावर विश्वास ठेवणं

इथे पूर्वी सॅमन होते, म्हणजे आजही राहतील असं नाही. अंडी घालायच्या जागांपैकी मोठा भाग जलाशयाखाली गेलेला असतो. उरलेल्या ठिकाणी १.३ ते १० सेंटिमीटरचे गोटे आहेत का, त्यांत बारीक गाळ किती भरला आहे आणि गोट्यांच्या आतल्या पाण्याचं तापमान किती आहे, हे तपासा. तापमापक दर तासाची नोंद करणारे हवेत. उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या वर जात असेल तर वर चढणारे मासे थबकतात आणि अंडी घालण्याआधीच मरू लागतात. भक्षकही मोजा. ग्रँड कूलीच्या मागच्या रूझवेल्ट जलाशयात आता बाहेरून आलेला नॉर्दर्न पाइक आहे.

चूक: फायद्याच्या रकान्यात फक्त बाजारभाव

१९४० च्या जूनमध्ये, ग्रँड कूलीच्या जलाशयाखाली जाणार असलेल्या केटल फॉल्स धबधब्यापाशी जमाती ‘अश्रूंच्या सोहळ्या’साठी जमल्या, आपल्या धबधब्याला आणि माशांना निरोप द्यायला. ते नुकसान किलोच्या भावात बसत नाही. सॅमनचं बहुतेक वजन समुद्रात वाढतं आणि अंडी घालून तो नदीत मरतो तेव्हा समुद्रातलं नत्र आणि स्फुरद डोंगरात पोहोचतं. बुल ट्राउट हा नदीतला दुसरा मासा त्याची अंडी आणि पिल्लं खातो. पण त्याच शरीरातून पीसीबीसारखी (कारखान्यांतून आलेली, लवकर न विरणारी रसायनं) विषंही वर येतात, तीही मोजा. आणि काहीच न करण्याची किंमत वेगळ्या रकान्यात मांडा. तो रकाना रिकामा राहिला की ‘थांबून बघू’ हा पर्याय फुकटचा वाटू लागतो.

चूक: थेट मत्स्यबीज केंद्रापासून सुरुवात

धरणच काढलं जात असेल आणि खाली जंगली मासे जवळ असतील तर आधी वाट बघा. क्लॅमथवरची चार धरणं काढण्याचं काम ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं आणि त्याच महिन्यात शरदातले चिनूक आपणहून ऑरेगॉनमध्ये पोहोचले, १९१२ नंतर पहिल्यांदाच. खालची संख्या फार दूर किंवा फार तुटपुंजी असेल तरच मासे नेऊन सोडा, आणि कृत्रिम पैदास त्याच्याही नंतर.

सोडायचंच ठरलं तर थांबायची अट पहिल्या टँकरआधी लिहून काढा. उदाहरणार्थ, जलाशयातून पिल्लांचा जगण्याचा दर सलग तीन वर्षं ५० टक्क्यांखाली राहिला तर प्रौढ वर नेणं बंद, आणि तो निर्णय कुणी घ्यायचा त्या पदाचं नाव त्याच ओळीत.