मांडवावरच्या मोठ्या एलईडी फलकासाठी खरेदीपूर्वीची तयारी

गणेशोत्सवात मांडवाच्या कमानीवर सरकत्या अक्षरांचा मोठा फलक घरीच तयार करून लावायचा असेल, तर इंदूरच्या महाराणी रोडवर खरेदीला जाण्यापूर्वी आलेखाची वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसावे. रोमन अक्षरे दिव्यांच्या सात-आठ आडव्या ओळींत नीट वाचता येतात, देवनागरी मात्र तेवढ्या जागेत मावत नाही. 'अनंत चतुर्दशी' ही दोनच पदे, एक चौकोन म्हणजे एक दिवा असे धरून, चौकोन भरून लिहून पाहावीत. 'तु'चा उकार खाली उतरतो, 'द'वरचा रफार आणि 'शी'ची दीर्घ वेलांटी शिरोरेषेच्या वर शेजारी शेजारी येतात, आणि १६ ओळींत लिहिल्यास दुरून पाहणाऱ्याला तिथे निव्वळ प्रकाशाचा ठिपका दिसतो. मी शिरोरेषेच्या वर ५ ओळी, शिरोरेषेसाठी १, अक्षराच्या अंगासाठी १३ आणि उकारासाठी ५ अशी वाटणी करून २४ ओळींवर स्थिरावलो. पुढची सारी खरेदी या आकड्यावरून ठरत असल्याने तो कागदावर पक्का होईपर्यंत दिव्यांची एकही पट्टी विकत घेऊ नये.

रुंदीसाठी ४८ उभे स्तंभ पुरतात. मीटरला ३० दिवे असलेली डब्ल्यूएस २८१२बी जातीची, म्हणजे प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येणारी पट्टी घेतली की दोन दिव्यांत सुमारे ३३ मिलिमीटर अंतर राहते आणि फलक १.६ मीटर रुंद व ८० सेंटिमीटर उंच होतो. ५ मीटरच्या एका रिळात १५० दिवे असतात, त्यातून ४८ दिव्यांच्या ३ ओळी निघून ६ दिवे उरतात, म्हणजे ८ रिळे आणावीत. ही आठही रिळे एकाच खेपेतील आहेत, याची खात्री दुकानातच करून घ्यावी. मागच्या वर्षी मी एका दुकानातून दोन वेळा रिळे आणली आणि फलकाच्या वरच्या भागातला भगवा खालच्या भागापेक्षा पिवळट दिसत राहिला, तो शेवटपर्यंत जुळला नाही. प्रत्येक रीळ कापण्याआधी लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे चारही रंग लावून तपासावे. लाल मागितल्यावर हिरवा दिसला तर पट्टी बिघडलेली नसून फलक चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला रंगांचा क्रम उलटा आहे, हे ध्यानात ठेवावे. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर कारखान्यातलेच सोल्डरचे सांधे असतात, तिथे पट्टी वाकवू नये.

विजेचा हिशेब सर्वांत काळजीने करावा. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा ६० मिलिअँपिअर घेतो असे धरून चालावे, म्हणजे १,१५२ दिव्यांना ५ व्होल्टवर जवळजवळ ६९ अँपिअर लागतात. सरकत्या अक्षरांत यातले थोडेच दिवे एका वेळी पेटतात हे खरे, परंतु प्रोग्रॅम अडकून सगळा फलक पांढरा झाला तर तारांनी तो भार सोसलाच पाहिजे. म्हणून घरच्या विजेचे ५ व्होल्ट करून देणारे, ४० अँपिअरचे दोन एसएमपीएस घ्यावेत आणि प्रत्येकावर १२ ओळी द्याव्यात. दोन्हींचे ऋण टोक एकत्र जोडावे, धन टोके मात्र कदापि जोडू नयेत. प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिमुकल्या संगणकाचे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचे, ऋण टोकही याच जोडणीत असावे, अन्यथा दिवे मनाला येईल तसे लुकलुकतात आणि दोष प्रोग्रॅममध्ये शोधण्यात रात्री जातात. दर ३ ओळींना मोटारीत वापरतात तसा १० अँपिअरचा चपटा फ्यूज लावावा. एका ओळीचे टोक दुसरीला जोडत वीज पुढे नेण्याऐवजी प्रत्येक ओळीला एसएमपीएसपासून आलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवरून स्वतंत्र वीज द्यावी. तसे न केल्यास शेवटच्या ओळींत व्होल्टेज उतरते, निळा व हिरवा मंदावतो आणि पांढरे अक्षर तांबूस दिसू लागते. २३० व्होल्टची बाजू परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्यावी. धातूच्या चौकटीला अर्थिंग आणि मांडवाच्या जोडणीत वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, कारण मांडवात लहान मुले ओल्या हातांनी वावरत असतात.

मायक्रोकंट्रोलर म्हणून घरात पडलेला अर्डुइनो उनो वापरण्याचा मोह होतो, पण प्रत्येक दिव्याच्या रंगासाठी ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण ३,४५६ बाइट, आणि उनोची कामाची स्मृती २,०४८ बाइटच असते. त्याऐवजी जास्त स्मृतीचा ईएसपी ३२ हा मायक्रोकंट्रोलर घ्यावा. त्याचा संदेश ३.३ व्होल्टचा असतो आणि या दिव्यांना किमान ३.५ व्होल्ट हवे असतात, म्हणून मध्ये संदेश ५ व्होल्टवर चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही आयसी लावावी. एका दिव्याला संदेश पोहोचायला ३० मायक्रोसेकंद लागत असल्याने सगळे दिवे एकाच संदेशतारेवर ठेवले तर एक चित्र उमटायला सुमारे ३५ मिलिसेकंद जातात. १२-१२ ओळींचे दोन भाग करून दोन वेगळ्या तारा दिल्या की हा वेळ निम्मा होतो आणि अक्षरे अडखळत नाहीत. पट्ट्या नागमोडी लावाव्यात, पट्टीवरचा संदेशाची दिशा दाखवणारा बाण एका ओळीत उजवीकडे तर पुढच्या ओळीत डावीकडे असावा. प्रत्येक संदेशतारेच्या सुरुवातीला ४७० ओहमचा रोधक (रेझिस्टर) घालावा.

मजकूर प्रोग्रॅममध्ये टंकलिखित करण्यापेक्षा संगणकावर २४ ओळी उंचीचे चित्र करून घेणे मला अधिक योग्य वाटते, कारण मायक्रोकंट्रोलरच्या तयार अक्षरसंचांना जोडाक्षरे आणि रफार जमत नाहीत. दिवा पेटलेला की विझलेला एवढेच, म्हणजे दिव्यामागे एक बिट, साठवले की ४०० स्तंभ रुंद मजकूर अशा रीतीने १,२०० बाइटमध्ये बसतो. अक्षरवळण निवडताना 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, हे पाहावे. इंदुरात मिळणारे फलक बहुधा हिंदी वळणाचे असतात, आणि आरतीच्या ओळीतला तसा 'ल' घरच्या वडीलधाऱ्यांना लगेच खटकतो. हिंदी भाषक पाहुण्यांना मराठी वळण वाचायला अडचण येत नाही.

भाद्रपदात माळव्यात पाऊस असतोच, म्हणून सिलिकॉनचा थर असलेल्या पट्ट्या घ्याव्यात, एसएमपीएस छताखाली ठेवावेत, तारा खालच्या बाजूने आत घ्याव्यात आणि चौकटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवावीत. दर्शनी भागाला दुधी ॲक्रिलिक आणि दिव्यांमध्ये काळ्या फोमच्या पडद्या बसवाव्यात, त्यामुळे शेजारच्या दिव्याचा प्रकाश वेलांटीत मिसळत नाही.

स्थापनेच्या आठवडाभर आधी फलक घराच्या गच्चीवर सलग ४ तास चालवावा, नंतर वीज बंद करून प्रत्येक जोडणीला हात लावून पाहावा, आणि जी गरम लागेल ती पुन्हा सोल्डर करावी. प्रत्येक रिळातून उरलेले ६-६ दिवे रिळाचा क्रमांक लिहिलेल्या पिशवीत ठेवावेत. उत्सवात एखादा दिवा गेल्यास त्याच रिळातला तुकडा लावला तरच रंग जुळतो.