हॉप्सची घरगुती बिअर: बाटली कधी उघडायची, किती दिवसांत संपवायची

पेल एल, आयपीए (इंडिया पेल एल), गढूळ दिसणारी हेझी आयपीए अशा हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या) वासावर उभ्या असलेल्या बिअर मुरवायच्या नसतात. फसफस नीट तयार झाली आणि साका तळाला बसला की त्या प्यायला तयार. बाटलीत भरल्यापासून अडीच-तीन आठवडे, केगमध्ये (बिअरच्या धातूच्या पिंपात) सात ते दहा दिवस. पुढचा महिनाभर त्या सर्वांत चांगल्या लागतात, मग रोज थोड्या थोड्या उतरत जातात.

हा वास मिर्सीन, लिनालूल, जेरॅनिऑल यांसारख्या द्रव्यांमुळे येतो. मिर्सीन लवकर उडतं, ऑक्सिजनने बिघडतं, शिवाय बुचाच्या आतलं अस्तरही ते शोषून घेतं. कडवटपणाही हळूहळू घटतो. मग उरतो तो माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडसरपणा, मधासारखा वास आणि शेवटी भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. हेझी बिअरचा रंग आधी मळकट, मग तपकिरी होतो, आणि रंग बदलला की वास गेलाच म्हणून समजा.

पण घाईही नडते. लिटरला १० ग्रॅम किंवा जास्त हॉप्सचं ड्राय हॉपिंग (न उकळता, थेट आंबलेल्या बिअरमध्ये हॉप्स घालणं) केलं असेल, तर ताज्या बिअरमध्ये हॉप्सचे बारीक कण आणि पॉलिफेनॉल तरंगत राहतात आणि घशाला खाजरी जळजळ जाणवते. बिअर एक-दोन आठवडे फ्रिजमध्ये उभी ठेवली की कण खाली बसतात आणि ती मऊ होते. मुरवणं म्हणायचं तर इतकंच.

खरं काम बाटली भरण्याआधीचं आहे. ड्राय हॉपिंग १४ ते १८ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस पुरतं. हॉप्स जास्त दिवस राहिले तर गवतासारखी चव येऊ लागते. हॉप्समधली एन्झाइम्स यीस्टला न पचणाऱ्या शर्करा तोडतात, त्यामुळे थांबलेलं आंबणं पुन्हा सुरू होऊ शकतं. याला हॉप क्रीप म्हणतात. याच अवस्थेत बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात. म्हणून ड्राय हॉपिंगनंतर हायड्रोमीटरने (द्रवाची घनता दाखवणाऱ्या नळीने) दोन दिवसांच्या अंतराने मोजा आणि आकडा हलला नाही तरच पुढे जा.

लोण्याच्या वासाची, म्हणजे डायअॅसिटिलची, चाचणी याच वेळी करावी. थोडी बिअर झाकलेल्या ग्लासात ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, थंड करा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगा. तापवलेल्यात लोण्याचा वास आला तर बिअर २० अंशांच्या आसपास यीस्टवरच आणखी तीन-चार दिवस राहू द्या. नंतर एक-दोन दिवस थंड करून साका बसवा. मात्र थंड होताना आंबवायची टाकी एअरलॉकमधून (गॅस बाहेर जाऊ देणाऱ्या झडपेतून) हवा आत ओढते. तेव्हा ती वाट बंद करा किंवा तिथे कार्बन डायऑक्साइड जोडा.

२० लिटर बिअरला सुमारे १२० ग्रॅम साधी साखर लागते. ती थोड्या पाण्यात उकळून गार करा आणि रिकाम्या टाकीत ओता. नळीचं टोक तळाशी ठेवून त्यावर बिअर शांतपणे सोडा. खळखळाट झाला की ऑक्सिजन शिरलाच. बाटलीत वर दोन सेंटिमीटरच्या आसपास जागा ठेवून लगेच बूच लावा. मग २० ते २२ अंशांना, अंधारात, दहा ते चौदा दिवस ठेवा. एक बाटली प्लास्टिकची भरावी. ती दाबून दगडासारखी कडक लागली की फसफस झाली. आता सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा आणि चार-पाच दिवसांनी पहिली उघडा.

थंडावा शेवटपर्यंत टिकवा. तापमान १० अंशांनी वाढलं की बिअर शिळी होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. उजेडही शत्रूच, हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत उन्हाने काही मिनिटांतच उग्र, कुबट वास येतो.

बाटलीत भरल्यापासून मोजलं तर हेझी आयपीए सहा आठवड्यांत संपवावी. स्वच्छ, कडवट वेस्ट कोस्ट आयपीए आठ आठवडे बरी राहते. आठ टक्क्यांच्या पुढच्या डबल आयपीएला अल्कोहोलचा तिखटपणा निवायला चार-पाच आठवडे द्यावे लागतात, पण दहाच्या पुढे नेऊ नका. बार्ली वाइन या खूप कडक बिअरचं गणित वेगळं: ती महिनोन्महिने ठेवायचीच असते, आणि कडवटपणा उतरणार हे धरूनच तिच्यात हॉप्स जास्त घालतात. १९व्या शतकात आयपीए जहाजातून महिनोन्महिने प्रवास करत असे, म्हणून आजचीही टिकेल, असं मात्र समजू नये. तेव्हाची बिअर वेगळ्या चवीसाठी बनत होती.

केगमध्ये बिअर भरण्याआधी तो निर्जंतुक करणाऱ्या द्रावणाने काठोकाठ भरा आणि ते द्रावण कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाहेर ढकला. नुसता गॅस दोनदा सोडून आतली हवा पुरेशी जात नाही. वास उतरलाच तर केगमध्ये पिशवीत बांधून थोडे हॉप्स पुन्हा सोडता येतात. बाटलीतल्या बिअरला तो इलाज नाही. ती आधी संपवा.